पोरानं दिलेलं आवतण

मुलांसाठी राक्षस आणि जादूच्या कादंबऱ्या लिहिणाऱ्या बाईला लोक दोनच प्रश्न विचारतात. एक, यातून पोट भरतं का. दोन, तुमचा नायक तिसऱ्या पुस्तकात एवढा चिडका का झाला. पहिल्याला मी 'नाही' म्हणते आणि विषय मिटतो. दुसरा विचारणाऱ्याला उत्तर नको असतं, ते त्याच्या खिशात तयार असतं. 'वयच तसं, नाही का?' असं म्हणून तो समजूतदार हसतो, आणि मला त्याच्या हातातला चहाचा कप काढून घ्यावासा वाटतो.

भोरच्या एका शाळेनं मला मुलांशी गप्पा मारायला बोलावलं होतं. मुलांशी म्हणायचं, पण पुढच्या खुर्च्यांवर पालक बसलेले आणि मुलं मागं सतरंजीवर. कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टातले एक गृहस्थ उठले. म्हणाले, "मॅडम, पहिल्या दोन भागांत किती गोड मुलगा होता तो. तिसऱ्यात बघावं तेव्हा दारं आपटतोय, जेवायला बसत नाही, विचारलं तर उत्तर नाही." माझ्या त्या पुस्तकातली सगळी माणसं गुहांत राहतात. दार नावाची वस्तू पुस्तकभर कुठं नाही. गृहस्थांनी पुस्तक उघडलं नव्हतं, ते घरातल्या पोराबद्दल बोलत होते, आणि ते पोरगं मागच्या सतरंजीवर मान खाली घालून बुटाची नाडी ओढत होतं. मी गृहस्थांना विचारलं, तुमच्या मुलानं तुम्हाला शेवटचं काय सांगितलं होतं आणि तुम्ही त्यावर काय म्हणालात? ते म्हणाले, "तसं काही विशेष नाही." मग मुख्याध्यापकांनी घाईघाईनं माझ्या हातात नारळ दिला.

त्या नायकाचा राग मी कुठल्या मानसशास्त्राच्या पुस्तकातून आणला नाही. तो माझ्या धाकट्या भावाच्या भाताच्या खाचरातून आणला. विंझरच्या पुढं आमचं गाव आहे. पुण्यातली नोकरी संपल्यावर मी तिथं दोन खोल्या बांधल्या आणि लिहायला बसले. भावाचं घर हाकेच्या अंतरावर. त्याचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, हा माझा पहिला वाचक. मी लिहिलेली पानं तो ओट्यावर पालथा पडून वाचायचा आणि राक्षस कमी पडला की सांगायचा.

नववीत जाईपर्यंत त्या पोराइतकं बोलणारं पोरगं वाडीत नव्हतं. एसटीत कंडक्टरशी बोलायचा, राजगडाला जाताना वाट चुकून आमच्याकडं आलेल्या ट्रेकवाल्यांना पालीची वाट दाखवता दाखवता अर्धा तास थांबवायचा. पॉवर टिलर तर असा चालवायचा की भाऊ चारचौघांत छाती काढून सांगे, "आमचा वाघ हाय त्यो." मशीन धरायला वाघ. हे लक्षात ठेवा, पुढं लागेल.

आमच्याकडं भातलावणीला अजून इर्जिक करतात. आज माझ्या शेतात सगळ्यांनी यायचं, उद्या तुमच्यात. मजुरी कुणी कुणाला देत नाही, ज्याचं शेत त्यानं दुपारी पोटभर जेवायला घालायचं. पण इर्जिकीला कुणी आपणहून येत नाही. आदल्या संध्याकाळी शेतमालकानं घरोघर जाऊन आवतण द्यावं लागतं. उंबऱ्याच्या बाहेर उभं राहायचं, आत बसायचं नाही, चहा घ्यायचा नाही, आणि म्हणायचं, "उद्या आमच्या खाचरात इर्जिक हाय, घरटी माणूस यावं." घरच्यानं "येतो" म्हटलं की पुढच्या दारी. फोनवर सांगितलेलं चालत नाही. लग्नपत्रिका मोबाईलवर घेणारी हीच माणसं इर्जिकीचं आवतण मात्र उंबऱ्यावरच घेतात.

त्या वर्षी आमच्या लावणीची वेळ आली आणि भाऊ नेमका जत्रा समितीवर निवडून आला. निवडून आला म्हणजे दुसरं कुणी तयार नव्हतं. त्याचा शिवऱ्याला हायवेवरच्या एका हॉटेलात सत्कार ठरला. फ्लेक्सवर भावाचा फोटो, गॉगल लावलेला, हात जोडलेले, मागं उगाच एक घोडा. भावाला आयुष्यात घोड्यानं लाथसुद्धा मारलेली नाही. शाल अंगावर पडायची वेळ आणि आवतण द्यायची वेळ एकच आली, तेव्हा त्यानं पायात चपला सरकवता सरकवता पोराला सांगितलं, "जा, समद्यांना आवतण दिऊन ये. एक घर सोडू नगं."

पोरानं अंघोळ केली. हे मला वहिनीनं नंतर सांगितलं. पावसात भिजतच जायचं होतं तरी त्यानं अंघोळ केली, शाळेच्या गॅदरिंगचा शर्ट घातला आणि वर प्लास्टिकचा कागद पांघरून निघाला. पहिलं घर माझं. मी "आत ये की" म्हटलं तर आला नाही. उंबऱ्याच्या बाहेर सरळ उभा राहिला आणि म्हणाला, "उद्या आमच्या खाचरात इर्जिक हाय, घरटी माणूस यावं." त्याचा आवाज तेव्हा फुटत होता. 'आमच्या'ला जाड निघाला आणि 'माणूस'ला पार पिपाणी झाली. त्याचे कान लाल झाले. मी हसले नाही. हसले नाही याचा मला आजही अभिमान आहे, कारण ते सोपं नव्हतं. "येते," म्हणाले. त्यानं मोठ्या माणसासारखी मान हलवली आणि पुढच्या दारी गेला. माझ्या ओट्यावरून वाडीचं खालचं वळण दिसतं. एकेका दारासमोर तो थांबताना मी बघत होते. एकही घर त्यानं सोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाचराच्या बांधावर मी एकटी होते.

माझं वय, माझे गुडघे आणि माझी लावणी करायची गती पाहता मला इर्जिकीत कुणी धरत नाही. पण आवतण आलं होतं, 'येते' म्हटलं होतं, म्हणून गेले. खाचरात चिखल तयार होता. पोरानं उजाडायच्या आत टिलर फिरवला होता. तरवा, म्हणजे भाताची रोपं, उपटून, मुठी बांधून बांधाकडेला रचलेला. तिकडं घरी वहिनी मोठं पातेलं चुलीवर चढवून बसलेली. आणि माणूस एक नाही. पोरगं गुडघाभर चिखलात उभं राहून वाडीच्या वाटेकडं बघत होतं. मध्येच माझ्याकडं बघून म्हणालं, "येत्याल, आत्या. पावसामुळं उशीर झाला आसंल."

भाऊ आला तो फोन कानाला लावूनच. एकेकाला विचारत होता आणि पलीकडून एकच उत्तर येत होतं, आवतण आलं नाही. वाडीतले एक तात्या आहेत, बोळाच्या टोकाला राहतात, सगळ्या वादात निवाडा करायची त्यांना हौस. भावानं फोन स्पीकरवर टाकला तेव्हा ते म्हणत होते, "तुझं पोरगं आल्तं की काल. काय तरी बोलून गेलं. आमी म्हटलं बरं बरं, बिस्कीट दिलं. आता पोरासोराचं बोलणं म्हंजे काय आवतण व्हय? तू यायचा व्हतास."

इथंच कुठल्याही शहाण्या बापानं म्हटलं असतं, की मीच पाठवलं होतं, माझं चुकलं. पण अंगावरची कालची शाल अजून उतरली नव्हती. तिची ऊब भावाच्या डोक्यात गेली होती. तो फोन खिशात टाकून पोराकडं वळला आणि म्हणाला, "तू गेलाच न्हाईस. गेला आसशील तर नीट सांगितलं न्हाईस. बसला आसशील कुठं तरी मोबाईल घिऊन."

"गेलो व्हतो. समद्यांना सांगितलं."

"मग हितं का न्हाईत कुणी?"

मी मध्ये पडले. म्हटलं, माझ्याकडं आला होता, रीतसर सांगून गेला, आणि वळणापर्यंतची सगळी दारं मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहेत. भाऊ म्हणाला, "आक्का, तू घरचीच हाय. तुझं काय धरायचं." बाईची साक्ष, तीही घरची, तीही राक्षसांच्या गोष्टी लिहिणारी. उचलली जीभ लावली टाळ्याला, एवढीच तिची किंमत. माझं सोडा. पण ज्या तात्यांनी आत्ता स्वतःच्या तोंडानं 'पोरगं आल्तं' म्हणून कबूल केलं होतं, त्यांचंही बोलणं भावानं एका कानानं ऐकून दुसऱ्या कानानं सोडून दिलं होतं. खरं काय ते सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त ते पोराच्या पारड्यात टाकायला कुणी तयार नव्हतं.

संध्याकाळी भाऊ स्वतः आवतण द्यायला निघाला आणि पोराला दंड धरून बरोबर घेतलं. प्रत्येक उंबऱ्यावर त्यानं हात जोडले आणि आवतणाच्या आधी एक वाक्य म्हटलं, "पोरानं घोळ केला, राग मानू नगा." प्रत्येक घरानं मोठ्या मनानं माफ केलं. "चालायचंच, पोरगंच हाय." तात्या तर पोराच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "आता मोठा झालास, जरा ध्यान देत जा." काल याच पोराला बिस्कीट देताना तो लहान होता. चोवीस तासांत तात्यांनी त्याला लहानही केलं आणि मोठाही केला, दोन्ही वेळा आपल्या सोयीनं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या मी बऱ्याच ऐकल्या आहेत, पण एवढ्या प्रेमळ आवाजातल्या पहिल्यांदाच.

मग इर्जिक झाली. तरवा एक दिवस पडून राहिल्यानं शेंडे पिवळे पडलेले, पण लावला. टिलर दिवसभर पोरानं धरला, चिखलातून एकदाही बाहेर आला नाही. दुपारी पंगत बसली. एक पंगत गड्यांची, समोर बायांची, आणि कडेला पोराठोरांची. पोरगं हात धुऊन आलं आणि गड्यांच्या पंगतीच्या टोकाला टेकणार, तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "ए, तिकडं पोरांच्यात बस." तो तिकडं गेला, पान पुढ्यात घेऊन बसला, आणि जेवला नाही. वहिनीनं दोनदा वाढायला विचारलं. त्यानं मान हलवली. त्या दिवसापासून तो बोलायचा थांबला.

मग घरात शोध सुरू झाला, पोराला झालं काय. वहिनीच्या मते नजर लागली. तिनं मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या आणि तात्यांनाच विचारलं, नजर कुणाची असेल. भावाच्या मते मोबाईल, म्हणून मोबाईल कपाटात गेला. कपाटाला कुलूप आणि पोराच्या तोंडालाही. शाळेतल्या सरांनी वयात येणाऱ्या मुलांवर एक व्याख्यान ठेवलं. पुण्याहून एक बाई आल्या, पडद्यावर रंगीत चित्रं दाखवली, मेंदूच्या एका भागावर लाल गोल काढला आणि म्हणाल्या, सगळं इथं असतं. भाऊ ते ऐकून आला आणि हुश्श झाला. "आक्का, काय न्हाई, हार्मोन हायेत." जणू हार्मोन बिस्कीट देऊन गेले होते.

मला हसू येतं ते यासाठी, की एवढ्या सगळ्या शोधात पोराला कुणी विचारलं नाही. विचारायला हवंही नव्हतं. काय झालं ते वाडीतल्या कोंबड्यांनाही माहीत होतं. त्याला हवं होतं एक वाक्य, बापाच्या तोंडून: 'तू सांगितलं होतंस.' पाया पडायला नको, नवा मोबाईल नको, एवढं एक वाक्य. मी एकदा भावाला तसं सरळ सांगितलं. तो वैरण कापत होता. थांबून माझ्याकडं असा बघत राहिला, जणू मी त्याचं शेत मागितलं. म्हणाला, "आता लेकराम्होरं नाक घासू का? वयात आलाय, हुईल गप." तो गप होताच. तेच तर दुखणं होतं.

मी स्वतः पोराला म्हणाले होते, तू सांगितलं होतंस, मला माहीत आहे. तो ओट्यावर बसला होता. म्हणाला, "तुझं कोण ऐकतंय, आत्या." उद्धटपणानं म्हणाला नाही. हिशोब बरोबर होता त्याचा.

तेव्हा माझं तिसरं पुस्तक चालू होतं. माझ्या नायकाला कातळातलं पाणी ऐकू येतं, आणि गडांवरची टाकी पिऊन टाकणाऱ्या राक्षसाशी तो लढतो. पहिल्या दोन पुस्तकांत तो आनंदानं लढला. तिसऱ्यात मी त्याला सभेत उभा केला. राक्षस परत आलाय, मी ऐकलाय, असं तो सांगतो, आणि गडावरचे सगळे म्हातारे म्हणतात, बरं बरं, जा खेळ. मग टाकी आटल्यावर तेच म्हातारे त्याच्यावर ओरडतात, की वेळेवर सांगितलं का नाहीस. मी त्या प्रसंगात नायकाला खूप बडबड करायला लावली होती. दोन पानं तो नुसता गर्जत होता. भाच्यानं ती पानं वाचली आणि बऱ्याच दिवसांनी एक लांब वाक्य बोलला. "ह्यो उगाच वरडतोय. वरडून काय व्हत न्हाई हे त्याला कळलंय ना आता? मग त्यो गप बसंल." मी ती दोन पानं फाडली. नायकाला गप बसवला. पुस्तकात तेवढी एक गोष्ट चांगली झाली आहे, आणि तेवढीच कुणाला आवडली नाही.

पुण्याच्या प्रकाशकांचा फोन आला. ते फार सभ्य गृहस्थ आहेत, 'नाही' म्हणायच्या आधी तब्येत विचारतात. म्हणाले, नायक जरा नकारात्मक झालाय, पालक पुस्तक घेताना मागचं पान वाचतात, त्याला शेवटी हसरा करता येईल का? आई जवळ घेते, तो रडतो, मन मोकळं होतं, असं काहीतरी. मी म्हटलं, त्याची आई सभेत बसली होती. ते म्हणाले, "मग?" मी फोन ठेवला. गाढवाला गुळाची चव काय. पुस्तक दुसरीकडून आलं, नायकाच्या कपाळावरच्या आठीसकट.

आणि आता यंदाचं सांगते.

भाचा अकरावीला भोरला जातो. एसटी चुकली तर मोटरसायकल आहे. ओठांवर मिशी आली, आवाज बसला, आणि गेल्या वर्षभरात तो पुन्हा बोलायला लागला. बापाशी बोलतो, तात्यांशी बोलतो, पारावर बसून प्लॉटच्या भावांवर बोलतो. घरात सगळ्यांनी सुटकेचा नि:श्वास टाकला. लावणीला भावानं पुन्हा त्यालाच आवतणाला पाठवलं. तो माझ्या उंबऱ्यावर आला तेव्हा मी 'येते' म्हणायला तयार उभी होते. त्यानं मोटरसायकल बंदसुद्धा केली नाही. "आत्या, उद्या इर्जिक हाय," म्हणाला आणि गेला. अंघोळ नाही, गॅदरिंगचा शर्ट नाही, 'घरटी माणूस यावं' नाही. आणि दुसऱ्या दिवशी झाडून सगळी वाडी हजर. तात्या तर सगळ्यात आधी. म्हणाले, "पोरगं आल्तं म्हटल्यावर यायलाच पायजे." मी त्यांच्या तोंडाकडं पाहत राहिले. त्यांना काहीही आठवत नव्हतं.

सकाळभर लावणी झाली. वरचं खाचर पुरं झालं, खालचं निम्मं. पाऊस सारखा धरलेला. दुपारी पंगत बसली आणि भाचा गड्यांच्या पंगतीत बापाच्या शेजारी बसला. कुणी 'तिकडं बस' म्हणालं नाही. तात्या मोठ्यानं म्हणाले, "बघ, कसा सरळ आला. मधी नुसता फणफणायचा. वयच तसं आसतं, सरतं." भाऊ हसला. भाचाही हसला. मी समोर बायांच्या पंगतीत होते आणि मला तो हसताना दिसला.

तेवढ्यात भाची आली. भाच्याची धाकटी बहीण, पाचवीत. भिजलेली, चपला हातात. बापासमोर उभी राहून म्हणाली, "वरचा बांध सुटलाय. पाणी खाली पडतंय."

भाऊ रस्सा ओरपत होता. त्याला ऐकूच आलं नाही, किंवा आलं. ती भाच्याकडं वळली. "दादा, वरचा बांध सुटलाय."

भाच्यानं पानातून मान वर केली नाही. म्हणाला, "बरं बरं. जा, जेवून घे."

पंगतीत जेवत्या पानावरून उठू नये, ते अन्नाचा अपमान करणं असतं, असं मला लहानपणी मारून शिकवलंय. मी उठले. वहिनी "वन्सं, काय झालं?" म्हणेपर्यंत मी पोरीचा हात धरून बाहेर होते.

बांध खरंच सुटला होता. वरच्या खाचराचं पाणी मातीसकट खाली धावत होतं आणि सकाळी लावलेली रोपं, बायांनी कंबर मोडून लावलेली, एकेक उपटून वाहत होती. मी आणि पोरगी दगड आणून टाकायला लागलो. माझे गुडघे, तिचे हात, दोघींचा मिळून एक धड गडी होत नव्हता. ती पळत पळत दगड आणत होती आणि प्रत्येक दगड ठेवताना माझ्याकडं बघून विचारत होती, "म्या सांगितलं ना आत्या?"

"व्हय," मी म्हणाले. "तू सांगितलंस."

थोड्या वेळानं भाचा खोरं घेऊन आला. जेवण पुरं करून, हात पुसत. पाणी बघितल्यावर मात्र धावला, आणि चार खोऱ्यांत भगदाड बुजवलंसुद्धा, अंगात ताकद आहे त्याच्या. मी त्याच्याकडं बघत होते. जगात हे वाक्य ज्याला म्हणता यायला हवं असा एकच माणूस होता आणि तो माझ्यासमोर खोऱ्याला टेकून उभा होता. पोरगीही त्याच्याकडंच बघत होती. खालून भावानं हाक मारली, "काय झालं रं वर?"

"काय न्हाई," भाचा ओरडला. "बांध सुटला व्हता. म्या बघितलं म्हणून बरं झालं."

"शाब्बास रं वाघा."

पोरीच्या हातात एक दगड होता. तो तिनं खाली टाकला, बांधावर ठेवलेल्या चपला चिखलात भिरकावल्या आणि उतरून गेली. पंगतीपाशी तिच्यासाठी पान वाढून ठेवलं होतं, त्याच्याकडं तिनं बघितलं नाही. मी खाली पोहोचले तेव्हा भाऊ वहिनीला विचारत होता, "हिला काय झालं एकाएकी? हिचं तर आजून तसलं वय बी न्हाई."

मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बांध सुटल्याचं तिनं सांगितलं होतं. दोघांना. तुम्ही जेवत होता." पंगतीतले गडी माझ्याकडं बघायला लागले. भाच्यानं खोरं धुवायला घेतलं.

भाऊ म्हणाला, "बरं बरं, आक्का. बस, जेवून घे. भात गार झाला."

मी जेवले नाही. घराकडं निघाले तेव्हा मागून तात्यांचा प्रेमळ आवाज आला. ते भावाची समजूत घालत होते, "जाऊ दे, मनावर घिऊ नगं. वय झालंय त्यांचं."